कढई कोण चढवणार?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, आणि आशाबाईंचा घरातला दरारा दुप्पट झाला. आधी त्या कोणाकडे बघताहेत हे तरी कळायचं. आता श्यामच्या अमरावतीच्या घरात, समोरच्या खोलीतल्या खुर्चीवर त्या शाल गुंडाळून बसत, आणि आत डोळे उघडे आहेत की मिटलेले याचा थांग लागत नसे. हा चष्मा आधीच मिळाला असता तर किसनरावांशी संसार बराच सोपा गेला असता, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

धाकटी सून प्राजक्ता सकाळपासून आत-बाहेर करत होती. दर वेळी काहीतरी बोलायचं मनात घेऊन यायची, खिडकीचा पडदा उगीच सारखा करायची आणि परत जायची.

"फाटन तो पडदा," आशाबाई म्हणाल्या. "पोटात काय हाय ते बोल."

"काही नाही, आई."

"काई नाई कसं? नाताळ तोंडावर आला अन् तुह्या घरात तळनाचा वास नाई. दरसाली या टायमाले मले अकोटले करंज्याचा डबा पोचलेला रायते."

प्राजक्ता वेताच्या मोड्यावर बसली. "चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप आला होता. या वर्षी कॅरल पार्टीचं शेवटचं घर आपलं करू म्हणतात. रविवारी संध्याकाळी."

ती हे हवापाण्याचं बोलल्यासारखं म्हणाली, पण हातातल्या फडक्याला पीळ देत होती. लग्नाआधी ती याच कॅरल पार्टीबरोबर नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरायची. मग तिने श्यामशी, म्हणजे अकोटकडच्या कुणबी पाटलाच्या पोराशी, रजिस्टर लग्न केलं. मंडळीने तिला वाळीत टाकलं वगैरे नाही. चर्चमध्ये सगळे हसून बोलायचे. फक्त नाताळची गाणी तिच्या दारी यायची बंद झाली. सतरा वर्षं दर डिसेंबरात ढोलकी गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि वळून जायची. सासरच्यांनीही तेव्हा काही कमी दिवे लावले नव्हते. खुद्द आशाबाई पहिली दोन वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायल्या नव्हत्या, आणि मग एका दुपारी तिच्या करंजीने त्यांचा धर्म बाटवला होता.

"मंग तू काय म्हनली?"

"अजून काहीच नाही. शेवटच्या घरी सगळ्यांना गरम भजे द्यायची पद्धत आहे. त्याच घरच्या कढईतले. विकतचे चालत नाहीत. आणि आपल्याकडे तर..."

आपल्याकडे तर कढई चढत नव्हती. किसनराव पोळ्यालाच गेले. या घराण्याची रीत अशी की कर्ता माणूस गेला की त्याच्या मुलांच्याही घरात तळण बंद. मग बाईच्या माहेरचा माणूस किंवा कोणी सोयरा येतो, आपल्या हाताने कढई चढवतो, पहिला घास तिच्या तोंडी घालतो आणि दुखवटा फिटतो. पहिल्या सणालाच हे उरकून घ्यायचं असतं. पण आशाबाईंच्या माहेरचा माणूस म्हणजे धाकटा भाऊ डोमाजी, आणि तो तेल्हाऱ्यात फुगून बसला होता. तेरवीच्या दिवशी प्राजक्ताचे वडील शेखर सर पहिल्या पंगतीला बसले आणि डोमाजीला दुसरी पंगत मिळाली, एवढंच कारण. दिवाळीला तो आला नाही. आशाबाईंचा थोरला मुलगा गजेंद्र अकोटला कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात होता. त्याने जाहीर केलं की मामा आल्याशिवाय कढई चढणार नाही, मग वर्ष लागो.

"जो मानूस जन्मभर तळलेलं खाऊन मेला," आशाबाई म्हणाल्या, "त्याच्या दुःखात तळलेलं बंद. मेल्यावर पथ्य! फोन आन इकडे. डोमाले लाव."

प्राजक्ताने फोन लावून कानाशी दिला.

"कोन?" डोमाजीने विचारलं. त्याला नंबर माहीत होता.

"मी, तुही बहीन. एकच हाय तुले. कढई चढवाले कवा येशीन?"

"माही काय गरज? मोठेमोठे इवाई हायेत तुमच्या घरी. पयल्या पंगतीचे."

"तू तवा पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटत उभा होता. पंगत काय तुह्या खर्ऱ्यासाठी थांबन?"

"मी दिसल्यावर त्या मास्तरनं उठाले पायजे होतं. सख्खा साला हाय मी. त्यानं माफी मागावी, मंग येतो. नाईतर संक्रांतीनंतर पाहू."

"मी मेली तं येशीन का?"

"तवा पाहू," डोमाजी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आशाबाईंनी फोन मांडीवर ठेवला. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांना राग यायचा. "तुह्या आईले बोलाव," त्या म्हणाल्या.

विहीणबाईंना, म्हणजे लीलाबाईंना, बोलवायला लागलं नाही. त्या निवृत्त नर्स. डोळ्यात थेंब टाकायला रोज दुपारी न चुकता यायच्या. यायच्या, थेंब टाकायच्या, समोरच्या खोलीतच चहा घ्यायच्या आणि जायच्या. पोटच्या पोरीच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कोणी अडवलं होतं असं नाही. कोणी अडवू नये म्हणून त्या जातच नव्हत्या.

"ईनबाई," डोळा वर करून आशाबाईंनी विचारलं, "सोयरा म्हंजे कोन?"

"म्हणजे लग्नाच्या नात्यातला. हलू नका."

"मंग तुमी माह्या कोन?"

लीलाबाईंच्या हातातली बाटली थांबली आणि थेंब आशाबाईंच्या नाकावर पडला. "नाही हो बाई! मी नाही कढई चढवणार. तुमच्यातली रीत आहे ती. उद्या घरात काही कमी-जास्त झालं तर म्हणतील, यांचा हात लागला म्हणून झालं. सतरा वर्षं आम्ही या उंबऱ्यात जपून पाय टाकला."

"इतका जपून टाकला, की टाकलाच नाई."

लीलाबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग हळूच म्हणाल्या, "गजेंद्रभाऊ हो म्हणत असतील, तर पाहू."

गजेंद्रला फोन लागला. आशाबाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा करायला लावला.

"आई, खबरदार!" सगळं ऐकून गजेंद्र ओरडला. "मामा नाई, तं तळन नाई. बाबाचं वर्ष हाय. लोकं काय म्हनतीन?"

"कोनते लोकं? तू रोज स्टँडवर कचोरी खातं, ते पाहनारे?"

"ते बाहेरचं हाय."

"पोटात गेल्यावर आतलंच होते ना. आयक. रविवारी सांजच्याले ईनबाई कढई चढवनार हायेत. तुले याचं तं ये."

"आई, मी सांगून ठेवतो..."

आशाबाईंनी बोटाने चाचपून फोन बंद केला.

"मी कधी हो म्हटलं?" लीलाबाईंनी विचारलं.

"म्या म्हटलं," आशाबाई म्हणाल्या. "प्राजक्ता, तुह्या चर्चच्या मंडळीले सांग, या म्हना."

संध्याकाळी श्याम बँकेतून आला तेव्हा त्याला सगळं सांगण्यात आलं. श्यामचं यावर मत असं होतं की त्याला मत नाही. तो कांदे आणायला गेला.

इकडे लीलाबाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि शेखर सरांनी विचार केला. त्यांनी विचार करायला नको होता, हे आशाबाईंना नंतर कळलं. मूर्खपणाने जेवढी कामं बिघडतात त्याच्या दुप्पट समजूतदारपणाने बिघडतात. सर चाळीस वर्षं शाळेत शिकवून समजूतदार झाले होते. दुखवट्याच्या घरी ढोलकी बडवत जाणं बरं दिसेल का, असं त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. पाळकसाहेबही समजूतदारच होते.

रविवारी दिवेलागणीला प्राजक्ताने गच्चीला कागदाची चांदणी टांगली. सतरा वर्षं ती चांदणी ती घरात, कपाटावर ठेवायची. स्वयंपाकघरात कांदा चिरून झाला होता, बेसनात ओवा पडला होता, मिरच्या वेगळ्या काढल्या होत्या, आणि ओट्यावर कढई पालथी पडली होती. आशाबाई जांभळी साडी नेसून, चष्मा लावून खुर्चीत बसल्या. ढोलकी केव्हा वाजते याकडे त्यांचे कान होते.

ढोलकी वाजलीच नाही. आधी चपला काढल्याचे आवाज आले. मग एकेक करून वीसेक माणसं खाली माना घालून आत आली. बायका पांढऱ्या साड्यांत होत्या. सगळ्यांत शेवटी ढोलकीवाला आला, आणि त्याच्या काखेत ढोलकी चादरीत गुंडाळलेली होती. सतरंजीवर बसून त्यांनी गायला सुरुवात केली.

पहिलं गाणं प्रवास संपल्याबद्दल होतं. दुसरं थकलेल्याला विसावा मिळाल्याबद्दल. तिसऱ्यात नदी आली, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कोणीतरी वाट पाहत उभं होतं.

आशाबाईंनी सुनेला जवळ ओढलं. "हे तुमच्या देवाच्या जन्माचं हाय, का माह्या मरनाचं?"

प्राजक्ता ढोलकीकडे बघत होती. सतरा वर्षांनी दारात आली ती चादरीत गुंडाळून आली, आणि यात कोणाचाच दोष नव्हता, म्हणून कोणावर रागावताही येत नव्हतं. तिचे ओठ थरथरायला लागले. ते पाहून आशाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी आत जाऊन पडते," त्या उठल्या. "माही अंत्ययात्रा आटपली की उठवा मले."

शाल खुर्चीवरच राहिली. आतल्या खोलीत जाऊन त्या खाटेवर आडव्या झाल्या. दार अर्धं उघडं होतं. बाहेर गाणं पुढे सरकलं. लीलाबाईंना ते नदीचं गाणं कधीच सोसत नसे. त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. दोन-तीन बायकांनी त्यांना साथ दिली.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. फाटक वाजलं. पावलं दारापर्यंत आली, थांबली, आणि मग असा टाहो फुटला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"बाई वं! गेली काय वं माही बाई!"

गाणं नदीच्या मधोमध थांबलं.

आशाबाईंनी फटीतून पाहिलं. दारात चपलांच्या ढिगाशी डोमाजी उभा होता. त्याने काय पाहिलं असेल ते त्यांच्या चटकन लक्षात आलं: पांढऱ्या साड्या, रडणारी विहीण, रिकामी खुर्ची आणि तिच्यावर शाल.

शेखर सर लगबगीने उठले आणि त्यांनी डोमाजीला मिठी मारली. त्यांना वाटलं, याला किसनराव आठवले. "धीर धरा, डोमाजीराव," ते म्हणाले. "आज ना उद्या आपल्या सगळ्यांनाच त्या वाटेने जायचं आहे."

"त्या ऑपरेशननं घात केला, मास्तर!"

सरांना ऑपरेशनचा संबंध लागला नाही. पण रडणाऱ्याला मधे टोकू नये असं त्यांनी पोरांना आयुष्यभर शिकवलं होतं, म्हणून ते नुसते पाठ थोपटत राहिले.

"पंगत गेली चुलीत, मास्तर! तुमी पयले बसा. जन्मभर पयले बसा! मी मागून जेवतो. पन माही बहीन... मले म्हने, मेली तं येशीन का? अन् मी काय म्हटलं? तोंड जळो माहं!"

आशाबाईंना तेव्हाच उठून बाहेर जाता आलं असतं. त्या उठल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मयतीतला आक्रोश ऐकला होता आणि आपल्या वेळी कोण काय म्हणेल याची त्यांना फार उत्सुकता होती. चाललं होतं ते चांगलंच चाललं होतं. डोमा हुंदके देत होता, लहानपणी विंचू चावला तेव्हा दिले होते तसे. हा बावळट आपल्यावर जीव टाकतो हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि असं कानांनी ऐकणं वेगळं.

"भाऊबिजेची साडी घेऊन ठेवली होती वं, बाई!" डोमाजीने हातातली पिशवी छातीशी धरली. "दुकानात किती वेळ बसलो! अन् रागारागात कपाटात टाकली. आज घेऊन आलो, तं आता कोनाले नेसवू?"

"कोनत्या रंगाची हाय?" आतून आवाज आला.

एक बाई किंचाळली. डोमाजी चपलांच्या ढिगावर मटकन बसला. आशाबाई काळा चष्मा लावून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"थांबला काहून? रड ना. चांगलं चालू होतं."

"जित्ती हाय तू?" डोमाजीने डोळे पुसले. पुढच्या क्षणी तो भडकला. "मंग हे सारे पांढरं घालून काहून रडून राहिले?"

सगळ्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"आम्ही," शेखर सर म्हणाले, "दुखवट्याचा मान राखत होतो."

पहिल्यांदा प्राजक्ता हसली. तोंडावर हात धरून हसली, मग हात सोडून हसली, मग भिंतीला टेकून खाली बसली. तिच्यामागून सगळ्या पांढऱ्या साड्या हसायला लागल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला काढला आणि खूप वेळ पुसत बसले.

डोमाजी उठला आणि तरातरा स्वयंपाकघराकडे निघाला. "कढई कुठी हाय?"

"ईनबाई, तुमीबी जा," आशाबाई म्हणाल्या. "तो नुसती ठेवन. त्याले गॅस पेटवता येत नाई."

लीलाबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. डोमाजीने कढई सरळ करून शेगडीवर ठेवली, तेल ओतलं आणि मागे वळून पाहिलं. "या ना ईनबाई. काय पंगतीत बसाचं हाय का, पयले कोन म्हनून?" लीलाबाई आत गेल्या. लायटरचा टकटक आवाज झाला. थोड्या वेळाने तेलात पहिलं भजं पडलं, आणि पोळ्यापासून त्या घरात नव्हता तो वास सगळ्या खोल्यांतून फिरला.

आशाबाईंना तेव्हा आठवलं. "डोमा, तुले आनलं कोनं?"

"गजूनं. गाडी घेऊन आला तेल्हाऱ्याले. म्हने, मामा, आत्ताच्या आत्ता चला, नाईतर ईनबाई कढई चढवते."

"मंग तो कुठी हाय?"

त्याला कोणी आत येताना पाहिलं नव्हतं. आशाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. गजेंद्र ओसरीच्या पायरीवर बसला होता. अकोटात ज्याचा शब्द खाली पडत नाही असा हा पन्नाशीचा माणूस, गाडीचं दार तसंच उघडं टाकून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता.

"गजू."

त्याने वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. "मामाचं रडनं आयकलं. मले वाटलं..."

"मालूम हाय काय वाटलं."

"मले आत याची हिंमत नाई झाली, आई."

आशाबाई त्याच्याशेजारी पायरीवर टेकल्या. बाप गेला त्या दिवशी या पोराने लाकडं आणली, मांडव घातला, आलेल्यांची सोय पाहिली, आणि त्याच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नाही. मग तो कढईवर पहारा द्यायला बसला. हा मोठेपणा मिरवतो, असं त्यांनी चार महिने धरून ठेवलं होतं. आपलं चुकलं, हे त्यांना आता कळलं.

मागून डोमाजी बशीत पहिलं भजं घेऊन आला. त्याच्यामागे दारात प्राजक्ता, श्याम, सगळेच येऊन उभे राहिले. "बाई, तोंड उघड. थंडं होऊन राहिलं."

आशाबाईंनी भजं त्याच्या हातातून घेतलं आणि गजेंद्रपुढे धरलं.

"तुह्या तोंडी पायजे ते," डोमाजी म्हणाला.

"तू चूप राय. दुखवटा माहा नव्हता. याचा होता."

गजेंद्रने तोंड फिरवलं. "नको, आई. हे खाल्लं म्हंजे बाबा गेले."

आशाबाईंची बोटं भाजत होती. त्यांना किसनराव इतके आठवले की क्षणभर भजं कोणासाठी धरलंय तेच त्या विसरल्या.

"गेलेच हायेत, बाबू," त्या म्हणाल्या. "पोळ्यालेच गेले. मलेबी रोज सकायी उठल्यावर नव्यानं समजते."

त्यांनी भज्यावर फुंकर घातली, एकदा, दोनदा. गजेंद्रने तोंड उघडलं. तो पुष्कळ वेळ चावत राहिला, गिळताना त्याला त्रास झाला, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून तो बापासाठी रडला. आत कोणीतरी ढोलकीची चादर सोडली आणि बोटांनी एक थाप देऊन पाहिली.

बऱ्याच वेळाने गजेंद्रने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "अजून एक दे," तो म्हणाला.

"लाइनीत लाग," आशाबाई म्हणाल्या. "आपल्या घरी पाहुने आले हायेत."